नवा संगणक केव्हा घ्यावा? कापड कारोबारासाठी हिशेबाची एक पद्धत

सोलापूरच्या कारखानदाराला माग केव्हा दुरुस्त करायचा आणि केव्हा भंगारात काढायचा हे कोणी शिकवावे लागत नाही. धोटा झिजला, धागा वारंवार तुटू लागला, दिवसाचे टॉवेल कमी निघू लागले, की संध्याकाळच्या हिशेबात ते दिसते. मागाचे नुकसान नगांत मोजता येते. पेढीवरच्या कॉम्प्युटरचे तसे नाही. तो हळू झाला तरी बिल निघतच राहते, मुनीम थोडा वेळ थांबतो, चहा घेतो, पुन्हा बटण दाबतो. नुकसान होत असते, पण ते कोणत्याही खात्यावर पडत नाही.

त्यामुळे आपल्या बाजारात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, जे दुकानदाराने नवे मॉडेल दाखवले की लगेच खरेदी करतात. दुसरे, जे जुना कॉम्प्युटर एके दिवशी बंद पडेपर्यंत काहीच करीत नाहीत आणि मग घाईत, मिळेल त्या भावाने, मिळेल ते यंत्र उचलतात. पहिल्यात पैसा वाया जातो. दुसऱ्यात पैसा तर जातोच, कधी कधी वहीही जाते. या दोहोंच्या मधला रस्ता कोणता, याचा विचार या लेखात करू. वाचकांनी हाताशी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, कारण हा विषय शेवटी आकडेमोडीचा आहे.

कापड आणि कॉम्प्युटर यांचे जुने नाते

कॉम्प्युटर ही आपल्या धंद्याबाहेरची वस्तू आहे, असा समज अनेकांचा असतो. तो खरा नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उठते, त्याचा शोध फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास लावला. पुठ्ठ्याला भोक असेल तर ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर नाही. मागाला हुकूम देण्याची ही रीत इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या हिशेब करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोकांच्या पत्त्यांवरच माणसे मोजली आणि त्यांच्या धंद्यातूनच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव उभे राहिले.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही तसेच. आज बहुतेक पेढ्यांवर दिसणारे टॅली १९८६ मध्ये बंगळूरच्या श्याम सुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी सुरू केले. थोरले गोयंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवीत. त्या कारोबाराचा हिशेब ठेवण्यासाठी सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते तयार केले. म्हणजे या बाबतीत आपण पाहुणे नाही, घरचेच आहोत.

आता तो चैनीची वस्तू का राहिला नाही

१९५७ च्या कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी केंद्राचे जादा उत्पादन शुल्क बसले आणि पुढे दीर्घकाळ साध्या कापडावर राज्याचा विक्रीकर लागत नसे. त्यामुळे अनेक कापड व्यापाऱ्यांचे लाल कापडाच्या वहीवर चालून जाई. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ही स्थिती बदलली. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरील मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. ई-इनव्हॉइसची मर्यादा २०२० मध्ये पाचशे कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि एका रात्रीत प्रत्येकाला आपल्या बिलातील दर तपासावे लागले.

दर महिन्याला विवरण भरणाऱ्याची आर-१ ची तारीख ११, आणि ३-बी ची २०. ३-बी ला उशीर झाला तर रोजचे पन्नास रुपये विलंब शुल्क (शून्य विवरण असेल तर वीस) आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. पण दंडापेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. आपण आर-१ वेळेवर भरला नाही, तर मुंबई-दिल्लीच्या खरेदीदाराला त्या महिन्यात कराचे क्रेडिट दिसत नाही. मग तो आपले पेमेंट अडवतो. उधारीवर चालणाऱ्या सोलापूरच्या धंद्यात पेमेंट अडणे म्हणजे सूतवाल्याचे आणि कामगारांच्या पगाराचे अडणे.

दुसरी गोष्ट. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, नाहीतर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून बोचू लागला. तेव्हापासून कोणाची बाकी किती दिवसांची आहे हे रोज पाहणे गरजेचे झाले. हे काम कॉम्प्युटर एका मिनिटात करतो, पण तो चालू असेल तर.

थांबल्याने फायदा होतो का?

‘थोडे थांबा, पुढच्या वर्षी याच पैशात दुप्पट चांगला मिळेल’ असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तो निराधार नव्हता. इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये असे निरीक्षण मांडले, की एका चकतीवर मावणारे सूक्ष्म भाग दरवर्षी दुप्पट होत आहेत. १९७५ मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. नव्वदच्या दशकात घेतलेला कॉम्प्युटर म्हणूनच दोन-तीन वर्षांत जुनाट वाटू लागे.

१९९९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या काही तरुण खगोल अभ्यासकांनी यावर एक गमतीदार पण अचूक हिशेब मांडला. वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होतो असे धरा. एखादी आकडेमोड आजच्या यंत्रावर चार वर्षे चालणार असेल, तर दीड वर्ष काहीही न करता थांबावे आणि मग दुप्पट वेगाचे यंत्र घ्यावे. काम दोन वर्षांत होईल. दीड आणि दोन मिळून साडेतीन, म्हणजे आज सुरुवात करणाऱ्याच्या सहा महिने आधी. त्यांचा निष्कर्ष असा, की सव्वीस महिन्यांहून मोठे काम असेल तर थांबण्यात फायदा, लहान असेल तर आजच सुरू करावे.

हा हिशेब आपल्याला काय शिकवतो? थांबण्याचा फायदा फक्त अशा कामात आहे, जे एकदाच करायचे आहे आणि ज्याला घाई नाही. आपले काम याच्या उलट आहे. आजचे बिल आज निघाले पाहिजे, ११ तारीख दर महिन्याला येते. पुढच्या वर्षीच्या वेगवान यंत्राने या वर्षीचे ई-वे बिल काढता येत नाही. शिवाय बिल, खतावणी आणि पोर्टल यांना फार वेग लागतच नाही. वेगाच्या मोहाने लवकर खरेदी करणे जसे व्यर्थ, तसे वेगाच्या आशेने थांबणेही व्यर्थ.

आणि ‘पुढे स्वस्तच होईल’ हाही कायदा नाही. २०२५ च्या अखेरीस जगभरात कॉम्प्युटरची मेमरी झपाट्याने महाग झाली, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांसाठी कंपन्यांनी प्रचंड प्रमाणात ती उचलली. सुताच्या भावासारखाच हाही बाजार आहे. तो वरही जातो, खालीही येतो. भाव पाहून साठा करण्याची ही वस्तू नव्हे. गरज ठरली, की घ्यावी.

रोजच्या रुपयांचा हिशेब

मग गरज ठरवायची कशी? खालील आकडे नमुन्याचे आहेत. आपापले आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

समजा, नवा कॉम्प्युटर ४०,००० रुपयांचा आहे. त्यावर अठरा टक्के जीएसटी ७,२०० रुपये. नियमित जीएसटी भरणाऱ्याने आपल्या जीएसटी क्रमांकाचे बिल घेतले तर हे ७,२०० क्रेडिटमध्ये परत मिळतात. म्हणून खरी किंमत ४०,०००. तो पाच वर्षे, म्हणजे साठ महिने चालेल असे धरू. महिन्याला ६६७ रुपये. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर रोजचे सुमारे २७ रुपये.

आता दुसरी बाजू. मुनिमाचा पगार महिना १५,००० रुपये. पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे तास. एका तासाचे ७५ रुपये. जुना कॉम्प्युटर चालू व्हायला, टॅली उघडायला, बिल छापायला मिळून रोज वीस-बावीस मिनिटे जास्त घेत असेल, तर रोजचे २७ रुपये तिथेच गेले. म्हणजे नव्या कॉम्प्युटरचा खर्च आपण आधीच करीत आहोत, फक्त वस्तू घरात आलेली नाही.

एक आठवडा घड्याळ लावून ही मिनिटे लिहून ठेवावीत. अंदाजावर जाऊ नये. पाच-सात मिनिटे निघाली तर नवा कॉम्प्युटर घेऊ नये, जुना चालू द्यावा. अर्धा-पाऊण तास निघाला तर विचार करावा. मात्र त्याआधी पुढची पायरी जरूर पाहावी.

आधी दुरुस्ती, मग खरेदी

जे यंत्र हळू झाले आहे ते म्हातारेच झाले असेल असे नाही. पुष्कळदा ते गुदमरलेले असते. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यात हवेत सतत कापसाचे तंतू उडत असतात. ते कॉम्प्युटरच्या पंख्यात आणि पंख्याखालच्या जाळीत बसतात आणि गादीसारखा थर होतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. आतले यंत्र तापले की ते स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी, जाणकाराकडून आतील धूळ साफ करून घ्यावी. कॉम्प्युटर मागाच्या खोलीत न ठेवता दाराआड, जमिनीपासून उंच ठेवावा. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे.

दुसरा उपाय चकतीचा. जुन्या यंत्रांत फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी न फिरणारी एसएसडी बसवली, तर पाच-सहा वर्षांचे यंत्रही चटकन उघडू लागते. हिशेब करा. समजा, मजुरीसह ३,००० रुपये लागले आणि यंत्र आणखी दोन वर्षे, म्हणजे सहाशे कामाचे दिवस चालले. रोजचे पाच रुपये झाले. मुनिमाची चार मिनिटे वाचली तरी ते भरून निघतात. म्हणून नियम असा: आधी सफाई, मग एसएसडी, मग मेमरी आठ जीबीपर्यंत वाढवणे आणि त्यानंतरच नवे यंत्र.

तिसरा उपाय विजेचा. दाब कमी-जास्त होणे आणि अचानक वीज जाणे यांनी यंत्राचे व हिशेबाच्या फायलींचे नुकसान होते. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत कमजोर होते. ती बदलण्यात किफायत करू नये.

मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय वारंवार जात असेल, तर मात्र थांबावे. नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त दुरुस्ती एका वर्षात झाली, की ती आपण पुढच्या बिघाडाला दिलेली उचल समजावी.

यंत्र चांगले, पण मुदत संपली

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याकडे आपले बांधव दुर्लक्ष करतात. कॉम्प्युटर उत्तम चालत असतानाही त्याची मुदत संपू शकते. विंडोज ही त्यातील मूळ व्यवस्था. तिच्यातील फटी चोरांना सापडतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. ठरलेल्या तारखेनंतर कंपनी बुजवणे थांबवते. विंडोज एक्सपीची ही तारीख ८ एप्रिल २०१४ होती, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत कंपनीने जाहीर केली. धंद्यांसाठी तीन वर्षांपर्यंत, पण दरवर्षी दुप्पट होणारी फी घेऊन.

मुदत संपलेले यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. म्हणूनच धोका लक्षात येत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस काही तासांत शंभराहून अधिक देशांत पसरला. तो फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचे काम त्याने ठप्प केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवण्याची सोय कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांची विंडोज मुदतबाहेर होती, तेच सापडले. ग्राहकांच्या बाकीची खतावणी अशी कुलपात गेली तर काय उरेल, याचा प्रत्येकाने विचार करावा. कोण किती देणे लागतो हे कागदावर नसेल, तर देणारा स्वतःहून सांगायला येईल अशी आशा धंद्यात ठेवता येत नाही.

मुदत संपल्याचा दुसरा परिणाम हळूहळू येतो. गुगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ला नवी आवृत्ती देणे थांबवले. मग पोर्टल नीट उघडेना, सहीचा टोकन ओळखला जाईना अशा अडचणी सुरू होतात आणि त्या नेमक्या विवरण भरण्याच्या दिवशी कळतात.

आपले यंत्र विंडोज ११ घेऊ शकते का, हे ‘पीसी हेल्थ चेक’ या कंपनीच्याच मोफत प्रोग्रामने कळते. साधारण खूण अशी: इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. नावात आय-३ किंवा आय-५ नंतर जो चार आकडी क्रमांक असतो, त्याचा पहिला आकडा म्हणजे पिढी. ८१०० म्हणजे आठवी, ७१०० म्हणजे सातवी. पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे पाहावेत. १०४०० म्हणजे दहावी. जुने वापरलेले यंत्र घेणाऱ्यांनी ही खूण पक्की लक्षात ठेवावी. स्वस्तात मिळणारे पुष्कळ यंत्र सहाव्या-सातव्या पिढीचे असते. ते चालताना चांगले दिसते, पण त्याची मुदत आधीच संपलेली आहे. आठव्या पिढीच्या पुढचे, एसएसडी असलेले आणि लेखी हमीचे जुने यंत्र लहान दुकानासाठी वाईट नाही.

नव्या यंत्राबरोबर काय काय अडते

खरेदीपूर्वी जुन्या कॉम्प्युटरला काय काय जोडलेले आहे त्याची यादी करावी. तीन-चार प्रतींचे चलन छापणारा जुना ठोक्याचा प्रिंटर जाड, रुंद तारेचा असेल, तर नव्या यंत्राला ती जागाच नसते. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम नव्याने घालावा लागतो. टॅलीचे लायसन्स एका यंत्राशी बांधलेले असते. ते जुन्या यंत्रावरून आधी सोडावे आणि मग नव्यावर घ्यावे. त्यासाठी कोणत्या ई-मेलवर नोंद आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे माहीत हवे. अनेक पेढ्यांवर तो ई-मेल सोडून गेलेल्या मुनिमाचा असतो.

भाषेचाही प्रश्न आहे. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजवर आपल्याकडे उर्दू पत्रिका, पाकिटे, मदरशांची पत्रके वर्षानुवर्षे तयार झाली. मराठीसाठी श्रीलिपीसारखी साधने होती. त्या काळच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. नव्या यंत्रावर नुसत्या उचलून नेल्या तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. जुने यंत्र चालू आहे तोवरच त्या बदलून घ्याव्यात किंवा निदान छापील स्वरूपात जतन कराव्यात.

जकार्डची नक्षी काढणारा किंवा पुठ्ठे पाडणाऱ्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर असेल, तर त्याचा नियम उलटा आहे. त्याचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर तो बदलण्याची घाई करू नये. त्याची इंटरनेटची तार काढावी, नक्षीच्या फायलींची दुसरी प्रत ठेवावी आणि त्याला फक्त तेच काम करू द्यावे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा ई-मेल कधीही करू नये.

खरेदीची वेळ आणि पैशाची रीत

आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्मा, म्हणजे वीस टक्के. म्हणून गरज ठरलीच असेल, तर सप्टेंबरअखेरपर्यंत यंत्र चालू करावे. आपल्या नमुन्याच्या चाळीस हजारांवर सोळा हजार आणि आठ हजार असा हा फरक आहे. तो पुढच्या वर्षांत मिळतोच, बुडत नाही. म्हणून केवळ घसाऱ्यासाठी गरज नसलेली वस्तू घेणे शहाणपणाचे नाही. अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही, त्यांनी हा विचार सोडून द्यावा.

दोन गोष्टी जपाव्यात. एका दिवसात एका विक्रेत्याला दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत. आणि कराची जी रक्कम क्रेडिटमध्ये घेतली, ती यंत्राच्या किमतीत धरून तिच्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. कॉम्पोझिशनमध्ये असलेल्यांना क्रेडिट मिळत नाही, त्यांनी पूर्ण ४७,२०० ही किंमत धरूनच रोजचा हिशेब करावा.

‘बिनव्याजी हप्त्या’च्या जाहिरातीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट वास्तवात नसते. व्याज कोठेतरी फीमध्ये किंवा न दिलेल्या सवलतीत दडलेले असते. विक्रेत्याला आधी रोखीचा, म्हणजे एकरकमी बँकेतून देण्याचा भाव विचारावा, मग हप्त्यांची बेरीज करावी. जो फरक येईल, तेच व्याज. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या वाचकांना हा हिशेब जास्तच गरजेचा आहे. त्यांच्यासाठी सोपा मार्ग असा, की जुने यंत्र चांगले चालत असतानाच दरमहा ६६७ रुपये बाजूला टाकत जावे. पाच वर्षांनी नव्याचे पैसे तयार असतात आणि कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

महिन्यातील वेळ म्हणाल, तर २० तारखेनंतरची. विवरणे गेलेली असतात आणि हाताशी आठ-दहा दिवस असतात. मार्चमध्ये आणि आपापल्या हंगामाच्या तोंडावर बदल करू नये. नवे यंत्र आले तरी पुढील एक ११ आणि एक २० तारीख पार पडेपर्यंत जुने तसेच जोडून ठेवावे.

यंत्र बदलते, वही राहते

शेवटी जो मुद्दा या सर्वांच्या मुळाशी आहे तो सांगतो. किंमत यंत्राची नाही, त्यातील वहीची आहे. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे वहीचे आयुष्य बहुतेक कॉम्प्युटरच्या आयुष्यापेक्षा मोठे आहे. तेव्हा वही एकाच यंत्रात राहता कामा नये. एक प्रत यंत्रात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून ठेवायची, आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत किंवा इंटरनेटवरील खात्यात. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला चेक.

जुने यंत्र भंगारवाल्याला देताना आतील डिस्क काढून घ्यावी. नुसत्या फायली पुसल्याने त्या जात नाहीत. आपल्या ग्राहकांची नावे, भाव, बँकेचे तपशील त्यात असतात आणि ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

थोडक्यात, आज संध्याकाळी प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१) विंडोज कोणती आहे आणि तिची मुदत केव्हा संपली किंवा संपणार? इंटरनेटवर काम करणाऱ्या यंत्राची मुदत संपली असेल आणि नवी विंडोज त्यावर चढत नसेल, तर यंत्र बदलण्याची वेळ आली आहे. मग ते कितीही चांगले चालत असो.

२) रोज किती मिनिटे वाया जातात? सफाई आणि एसएसडीनंतरही वीस-बावीस मिनिटांहून जास्त जात असतील, तर बदलावे.

३) या वर्षी दुरुस्तीवर किती गेले? नव्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा ओलांडला असेल, तर बदलावे.

४) १० तारखेच्या रात्री हे यंत्र बंद पडले, तर ११ ला दुपारपर्यंत दुसरीकडे काम सुरू होईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नव्या कॉम्प्युटरच्या आधी वहीची दुसरी प्रत करावी. तिला काही हजार रुपयेही लागत नाहीत.

पहिल्या तीनही प्रश्नांत यंत्र पास झाले, तर दुकानदार काहीही म्हणो, पैसा सुतात घालावा. एकातही ते नापास झाले, तर बंद पडण्याची वाट न पाहता, शांतपणे तीन ठिकाणी भाव विचारून, आपल्या सोयीच्या आठवड्यात खरेदी करावी.